फांदीत कोणी नाही

कुकटपल्ली, हैदराबाद
९ फेब्रुवारी २०२५

चारू,

तुझ्या दाजीचे दोन्ही कान यंदाही तुझ्या सेवेला हजर आहेत. पत्राला आठवडाभर उशीर झाला, त्याला कारण दुकान. फेब्रुवारी लागला की बोअरच्या मोटारी जळायला लागतात आणि अख्ख्या कुकटपल्लीला हिम्मतराव आठवतो.

इंदूला जाऊन हा दुसरा वसंत. ती होती तेव्हा यादीचं काम सोपं होतं. तुझं ऐकणं गेलं त्या सालापासून ती दर वसंतात तुला कागद धाडायची. मधे उभी रेघ. डाव्या अंगाला 'पाहिलेले', ते तिचं. उजव्या अंगाला 'ऐकलेले', ते मी सांगायचं आणि तिनं लिहायचं. आवाज कसा आहे ते मी मोटारीच्या भाषेत सांगायचो आणि बहिणीला कळेल असं ती त्याचं मराठी करायची. आता दोन्ही अंगं माझ्याच गळ्यात.

तर ऐक. (तुला 'ऐक' म्हणायचा परवाना जगात माझ्या एकट्याकडं आहे.) कोकीळ तीन तारखेला सुरू झाला. लोड नसलेली मोटार चढत जाते तसा, वर, आणखी वर, आणखी वर, आणि टोकाला गेल्यावर कोणीतरी बटण बंद करतं. तांबट सोसायटीच्या मोठ्या गुलमोहरावर रोज हजर. रिकाम्या टाकीवर बोटानं टुकटुक करत राहावं, दम न घेता, तसा. कावळे, पारवे, साळुंक्या आहेतच.

बाकी उजवं अंग कोरं आहे, चारू. शिंजीर नाही, फुलटोचा नाही, चष्मेवाल्यांचा थवा नाही. शिंजीर जास्वंदीवर असा चरचरायचा की इंदू आतून ओरडायची, "अहो, दूध उतू गेलं का बघा!" यंदा सगळं गप्प. मागच्या बाजूला तीन टॉवर उभे राहिलेत, त्यांचाच प्रताप.

आमच्या खालच्या मजल्यावर पुण्याची मृण्मयी राहते. कंप्युटरवाली. आठच्या मीटिंगआधी दुर्बीण गळ्यात घालून गच्चीवर येते. आवाज ऐकून पाखराचं नाव सांगणारं काहीतरी तिच्या फोनात आहे. परवा मला दाखवते, "काका, बघा! शिंजीर! फुलटोचा! चष्मेवाला!" मी म्हटलं, "पोरी, इथं कुणी नाही. तुझा फोन फेकतोय." "फोन कसा फेकेल, काका?" "हैदराबादेत राहून शिकला असेल." हसली बिचारी.

सोळा मार्चला झाडं ऐकायची आहेत. तुला माहीतच आहे, उगादीच्या, आपल्या पाडव्याच्या, आधी सोसायटी छाटणी करते. त्याआधी मी प्रत्येक झाडाला मोटारीचे स्क्रू फिरवायच्या लांब पेचकसाचं टोक लावतो, मूठ कानामागच्या हाडाला. अफझलगंजला गफूर उस्तादांनी बेअरिंग ऐकायला शिकवलं ते असंच. "हिम्मत, मशीन झूट नै बोलती, तू बस सुन." ढोलीत पिल्लं असली की पेचकसातून किणकिण येते. तिथं मी लाल चिंधी बांधतो. मग यादगिरी चढतो. आठ वर्षं आमची झाडं तोच छाटतो. चिंधी दिसली की त्या फांदीला हात लावत नाही. आजवर एक पिल्लू खाली आलेलं नाही.

गुडघ्यांना तेल लावत जा.

तुझा दाजी
हिम्मतराव


उदगीर
२० फेब्रुवारी २०२५

ती. दाजींना नमस्कार,

तुमचा कोकीळ वाचला. तीन वेळा 'वर' वाचताना माझी मान खरोखर वर गेली. समोर बसलेल्या शेजारणीला वाटलं, पाल दिसली.

पण उजव्या अंगाचं गाऱ्हाणं करताना तुम्ही डावं अंग लिहायचंच विसरलात. माझ्या दारातल्या कण्हेरीवर शिंजीर रोज येतो. काळाभोर, उन्हात आला की जांभळा. तो बोलतो की नाही, मला काय ठाऊक! आहे, एवढं ठाऊक आहे. तुमच्याकडं पाखरू नाही की आवाज नाही? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दाजी. हे मी नाही सांगणार तर कोण सांगेल?

एक काम करा. आठवडाभर ऐकायला सुट्टी द्या. गच्चीवर नुसते बसा आणि पाहा. इंदूअक्काची दुर्बीण कपाटात वरच्या खणात असेल, ती काढा.

फोन फेकतो म्हणालात ते वाचून खूप हसले. मग पत्र पुन्हा वाचलं, तेव्हा तेवढं हसू आलं नाही. का, ते नंतर. आधी डावं अंग भरून पाठवा.

तुमची
चारुलता


कुकटपल्ली
२ मार्च २०२५

मास्तरीणबाई,

हुकूम पाळला. सात दिवस दुर्बीण गळ्यात अडकवून बसलो. वॉचमन विचारतो, "सेठ, किस पे नजर है?"

तुझं खरं निघालं. शिंजीर आहे. जास्वंदीवर रोज साडेसातला येतो. पण चारू, मुका आहे. समोर चार हातांवर बसतो, चोच उघडतो, मिटतो, गळा थरथरतो, छाती फुगते आणि आवाज काही नाही. टीव्हीचा आवाज बंद करून बातम्या बघाव्यात तसं. धुळीनं घसा बसला असेल. चष्मेवाले पण दिसले, अकरा. तेही गप्प. पाखरांमधे काहीतरी रोग आलाय, मी मृण्मयीला तसं बोललोसुद्धा. तिनं माझ्याकडं जरा बघितलं, मग म्हणाली, "असेल हो काका." शहाणी आहे, म्हाताऱ्या माणसाशी वाद घालत नाही.

दुकानात यंदा वैताग आहे. गिऱ्हाइकं तोंडातल्या तोंडात बोलतात. फोनच्या नादानं लोकांची बोलायची सवयच गेली. आणि बेअरिंगचा माल असा येतोय की खराब असलं तरी आवाज करत नाही. एका मिठाईवाल्याची मोटार मी ऐकून पास केली, तिसऱ्या दिवशी परत आली. "सेठ, पूरी गल्ली सुन रही, तुमीच नै सुने?" चाळीस वर्षांत असं मला कोणी बोललं नव्हतं. नवीन बेअरिंग घालून दिलं, वर चहा पाजला.

सोळा तारीख जवळ आली. चिंध्या फाडून ठेवल्यात. इंदूची जुनी लाल साडी होती, तिच्याच.

दाजी


उदगीर
११ मार्च २०२५

दाजी,

हे पत्र स्पीड पोस्टानं धाडते आहे, कारण वेळ कमी आहे.

रविवारी झाडांना एकट्यानं कान लावू नका. मृण्मयीला बरोबर घ्या. तिचा फोनही. ती जिथं म्हणेल तिथं चिंधी बांधा, तुम्हाला काही ऐकू आलं नाही तरी. आणि यादगिरी वर चढल्यावर काही म्हणाला तर ते माना.

कारण विचाराल तर सांगेन, पण छाटणी झाल्यावर. आत्ता रागवाल आणि रागात माणूस उलट करतो, म्हणून थांबते.

एवढंच सांगते, मुका शिंजीर नसतो. मला गेली तेहतीस वर्षं सगळीच पाखरं मुकी दिसतात, म्हणून ठाऊक आहे.

चारुलता


कुकटपल्ली
२४ मार्च २०२५

चारू,

तुझं पत्र हातात पडलं तोवर छाटणी होऊन गेली होती. पोस्टाचा कारभार असाच. त्यामुळं तू सांगितलेलं काही करता आलं नाही.

एक वाईट गोष्ट घडली, ती सांगून टाकतो. मोठ्या गुलमोहराची एक वाळकी फांदी वाटेवर आली होती. सोमवारी सकाळी यादगिरीनं ती कापली. खाली आपटली ती ढोलीपाशीच फुटली. आत तांबटाची तीन पिल्लं होती. पिसं नुकती फुटत होती. दोन जागीच गेली. तिसरं मृण्मयीनं ओंजळीत घेतलं. मीटिंगला गेली नाही, पायरीवर बसून राहिली. दुपारी ओंजळ उघडी करून मला दाखवली. तेही गेलं होतं.

कमिटीनं यादगिरीला सांगितलं, उद्यापासून येऊ नको. आठ वर्षांचा माणूस, वाईट वाटतं. पण घाई करतो. चिंधी नव्हती हे खरं, तरी ढोली डोळ्यांना दिसते की नाही? पोटापुरतं काम त्याला कुठंही मिळेल.

आईबाप अजून येतात. फांदी होती तिथं हवेत थांबल्यासारखं करतात आणि वरच्या डहाळीवर जाऊन बसतात. चोचीत फळ असतं. ते तसंच धरून बसतात.

यादी यंदा राहू दे म्हणतो.

हिम्मतराव


उदगीर
२ एप्रिल २०२५

दाजी,

तुमचं पत्र चार वेळा वाचलं. आता मी एक गोष्ट सांगते, ती मी इंदूअक्कालाही सांगितली नव्हती.

मला टीबी झाला, नव्वद दिवस इंजेक्शनं घेतली आणि त्यांनीच कान गेले, हे तुम्हाला माहीत आहे. बरी होऊन शाळेत गेले तेव्हा मला बहिरेपणा आला असं मुळीच वाटलं नाही. पोरी हळू बोलायला लागल्या असं वाटलं. पाखरं गावातून गेली असं वाटलं. घड्याळ बंद पडलं असं वाटून मी ते दोनदा दुरुस्तीला दिलं. कान जातात तेव्हा माणसाला ते कळत नाही, दाजी. बाहेरचं एकेक बंद पडत जातं आणि आपण त्याला दोष देत जातो. टॉवर, धूळ, बेअरिंग, पोस्ट.

पाचवीच्या वर्गात बासष्ट मुली. शेवटच्या बाकावर त्रिवेणी नावाची होती. बारीक आवाजाची, अंगानंही बारीक. हजेरी घेताना मी कागदाकडं बघायचे, वर नाही. तिचा 'हजर' माझ्यापर्यंत पोचायचा नाही. मी फुली मारायचे. मी कडक होते, माझी चूक दाखवायची कुणाची छाती नव्हती. सव्वीस दिवस फुल्या झाल्यावर मी तिच्या बापाला बोलावलं. तो म्हणाला, "बाई, पोरगी तर रोज दप्तर घेऊन निघती. मग जाती कुठं?" मी म्हणाले, "ते तुम्ही तिलाच विचारा. हजेरी खोटं बोलत नाही." माझ्यासमोर त्यानं तिला मारलं. ती काहीतरी ओरडून सांगत होती. मला तेही ऐकू आलं नाही. दुसऱ्या दिवशी बापानं तिचं नाव शाळेतून काढलं, आणि पुढच्या वैशाखात तिचं लग्न लावून दिलं. बारा वर्षांची होती.

तोवर माझं सगळ्यांना कळून चुकलं होतं. तेव्हा तिची मैत्रीण गंगू पाटी घेऊन माझ्यापुढं आली. पाटीवर लिहिलं होतं, "बाई, त्रिवेणी रोज येत होती."

मी ती पाटी पदरानं पुसली, दाजी. आणि कोणाजवळ बोलले नाही. तिच्या बापाकडं गेले नाही, हेडबाईंना सांगितलं नाही. आता सांगून काय उपयोग, असं म्हणत राहिले. त्रिवेणी आता पंचेचाळिशीची असेल. गावात तिच्यासारखी बारीक अंगाची बाई दिसली की आजही मी रस्ता ओलांडते.

आता तुमच्याबद्दल. स्पीड पोस्टाला पावती असते. तिच्यावरचा नंबर शेजारच्या सुनेनं फोनवर टाकून बघितला. माझं पत्र शनिवारी, पंधरा तारखेला दुपारी पोचलं. छाटणीच्या दोन दिवस आधी.

दोनच प्रश्न विचारते. त्या फांदीला तुम्ही पेचकस लावला होता का? आणि कापण्याआधी यादगिरी काही म्हणाला का?

चारुलता


कुकटपल्ली
१३ एप्रिल २०२५

चारू,

लावला होता. म्हणाला होता.

तुझं पत्र शनिवारी मिळालं. वाचलं आणि डोकं फिरलं. घरात कोणी नव्हतं, तरी मोठ्यानं म्हणालो, "एक बहिरी बाई मला ऐकायला शिकवते!" म्हणालो ते लिहितो, लपवत नाही. मग पत्र ड्रॉवरात टाकलं.

रविवारी सकाळी एकटाच गेलो. मृण्मयी दिसली, "येऊ का, काका?" म्हणाली. मी म्हटलं, "तुझा तो फेकणारा फोन घरी ठेव आणि झोप काढ." गुलमोहराच्या वाळक्या फांदीला शिडीवर चढून पेचकस लावला. दोन मिनिटं. मूठ हाडाला लावून डोळे मिटले. आतून काही आलं नाही. खाली उतरून, सकाळी फिरायला निघालेल्या सगळ्यांसमोर म्हणालो, "फांदीत कोणी नाही." कोणी विचारलं नव्हतं तरी म्हणालो.

सोमवारी यादगिरी वर गेला. कोयता टेकवला आणि थांबला. फांदीला गाल लावला. खाली बघून ओरडला, "सेठ, लोपल पिट्टलुन्नाई!" आत पाखरं आहेत म्हणून. तो ओरडला म्हणूनच मला ऐकू आलं. मी म्हटलं, "मैं सुना रे, कोई नै. काट." तो म्हणाला, "चीं चीं कर रहे, सेठ. मैं सुन रा ना." आणि मी, चारू, खाली चार माणसं उभी होती, त्यांच्यासमोर मी म्हणालो, "आठ साल से कौन सुन रा? तू के मैं?"

तो वर तसाच बसून राहिला. माझ्याकडं बघत होता. वाट बघत होता, मी काही बोलेन म्हणून. मग त्यानं कापली.

कमिटीची माणसं धावत आली. "किसने बोला काटने को?" यादगिरी तिथंच उभा, केसांत भुसा. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "जल्दी कर दिया उसने." एवढंच. तो दोर गुंडाळायला लागला. खरं सांगितलं असतं तरी त्याचं कोणी मानलं नसतं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

तुझं त्रिवेणीचं पत्र आल्यावर चार दिवसांनी कानाच्या डॉक्टरकडं गेलो. काचेच्या खोलीत बसवून कानांवर मोठे हेडफोन लावले. तिथली बाई म्हणाली, वाजलं की बटण दाबा. सुरुवातीला बऱ्याच वेळा दाबलं. मग काही वाजेना. मी हात मांडीवर ठेवून बसून राहिलो. म्हटलं, मशीन अडकली असेल, दुरुस्त करत असतील. शेवटी बाईकडं बघून खूण केली, पुढचं सुरू करा की. तिनं दार उघडलं आणि जवळ येऊन म्हणाली, "झालं, काका. सगळं वाजवून झालं."

वरच्या पट्टीचं सगळं गेलंय म्हणे. हळूहळू, बऱ्याच वर्षांपासून. मोटारींनी खाल्लं. ज्याच्यावर मोठा झालो त्यानंच.

परवा कमिटीच्या मीटिंगमधे उठून सगळं सांगितलं. पेचकस, यादगिरी काय म्हणाला, मी काय म्हणालो. मला वाटलं चार लोक चार शब्द बोलतील. कसलं काय! "जाने दो अंकल, उमर है." एकानं पाण्याची बाटली पुढं केली. यादगिरीला परत बोलवा म्हणाले, आणि पुढच्या विषयाला लागले, पार्किंगच्या. मृण्मयी मागं उभी होती. ती तेवढी रडली.

काल यादगिरीकडं गेलो. मूसापेटच्या मागं बस्तीत खोली आहे. तो उंबऱ्यात बसला होता, मागून उजेड. मी खुर्चीवर बसलो नाही, खाली बसलो. हात जोडले. म्हणालो, "यादगिरी, तू सुना था, मैं नै सुना. और मैं झूट बोला. माफ कर." त्यानं मान खाली घातली. मग काहीतरी बोलला. चार शब्द, फार तर पाच. हळू. नळावर बायका भांडत होत्या, ऑटो गेली. मला काही ऐकू आलं नाही.

आणि मी काय केलं माहीत आहे? मान हलवली. दुकानात गिऱ्हाइकापुढं हलवतो तशी. तो माझ्याकडं बघत राहिला. मग उठून आत गेला.

माफी मागून आलो, चारू, पण मिळाली की नाही ते मला ठाऊक नाही. शिवी दिली असेल आणि मी त्यालाच हो म्हणून आलो असेन. तू ओठ वाचतेस. आधी ओठ मिटलेले होते, मग थोडे पुढं आले, शेवटी खालचे दात दिसले. काय म्हणाला असेल?

हिम्मतराव


उदगीर
२१ एप्रिल २०२५

दाजी,

पत्रातून ओठ वाचता येत नाहीत. यादगिरी तेलुगुत बोलला की हिंदीत, तेही तुम्हाला माहीत नाही. मी गोड काहीतरी लिहून पाठवेन असं तुम्हाला वाटलं असेल. नाही पाठवणार.

परत जा. उजेड त्याच्या तोंडावर पडेल असे बसा. आणि म्हणा, "मला ऐकू आलं नाही, परत सांग." एवढं वाक्य म्हणायला मला दोन वर्षं लागली, तोवर त्रिवेणी सासरी गेली होती. मान हलवू नका. न ऐकता हलवलेली मान हे आपल्यासारख्यांचं सगळ्यात मोठं खोटं आहे. त्याच्यावर मी अर्धा जन्म काढला.

'बहिरी बाई' म्हणालात त्याचा राग आला नाही. इतक्या वर्षांत तो शब्द मला कोणी सरळ म्हटला नव्हता. इंदूअक्का 'चारूला जरा कमी ऐकू येतं' म्हणायची.

उशीर करू नका. पत्र हातात पडेल त्या दिवशी जा.

चारुलता


कुकटपल्ली
४ मे २०२५

चारू,

पत्र पडलं त्या दिवशी गेलो नाही. तुझ्यापासून आता काय लपवायचं. कानाचं मशीन सांगून ठेवलं होतं, ते आठवड्यात येणार होतं. म्हटलं, ते लावून जाऊ. म्हणजे यादगिरी बोलेल ते पहिल्या झटक्यात ऐकू येईल आणि ते वाक्य म्हणावं लागणार नाही.

मशीन शुक्रवारी आलं. लावून घराबाहेर पडलो तर जग पत्र्याचं झालेलं. चपला वाजतात, कागद वाजतो, माझीच लाळ गिळलेली वाजते. मृण्मयी जिन्यात भेटली, मला गच्चीवर घेऊन गेली आणि जास्वंदीकडं बोट केलं. आला आवाज. पत्र्याचा, पण आला. तिला वाटलं मी खूश होईन. मी खाली उतरलो आणि थेट मूसापेटला गेलो.

खोलीला कुलूप होतं.

नळावर एक बाई घागर भरत होती. तिला विचारलं, यादगिरी कुठं? ती काहीतरी बोलली. नळाचं पाणी, घागरींचा खणखणाट, सगळं मशीननं एकदमच कानात ओतलं, तिचे शब्द त्यात गेले. मान हलणार होती. धरून ठेवली. म्हणालो, "मेरे कू सुनाई नै दिया, अम्मा. फिर बोलो."

ती परत बोलली. मी परत म्हणालो, "नै सुनाई दिया."

तिनं घागर खाली ठेवली. नळ बंद केला. जवळ आली आणि माझ्या कानाशी तोंड आणून अशी ओरडली की गल्लीतली सगळी माणसं वळून बघायला लागली. "चले गए! गाँव कू! कत्ती, रस्सी, सब बेच को गए! अब झाड पे नै चढता बोला!"

या खेपेला सगळं ऐकू आलं, चारू. शब्दन्‌शब्द.

कब, विचारलं. तिनं पाच बोटं दाखवली. पाच दिवस झाले.

मग विचारलं, कौन सा गाँव? काही फोन नंबर? तिनं नुसता हात हलवला. ते मला पहिल्याच वेळी कळलं.

हिम्मतराव